नाही म्हणणारा चोर

१

लुंबिनीचा फोन हरवला, याचं तिच्या ओळखीतल्या कुणालाच नवल वाटलं नाही. छत्री, जेवणाचा डबा, कानातलं, काय वाटेल ते विसरून येणारी ही पोरगी. लातूरच्या ज्या खाजगी दवाखान्यात ती नर्स होती, तिथं मात्र तिच्या हातून कधी एक गोळी इकडची तिकडे झाली नाही. सगळी शिस्त तिथंच खर्च होत असावी. खरं नवल पुढं घडलं, हरवलेला फोन उत्तरं द्यायला लागला तेव्हा.

शनिवारी ती नांदेडहून लातूरला यायला निघाली. थोरला भाऊ धम्मानंद तिला बसस्टँडवर सोडायला आला होता. त्याने बॅग वर टाकून दिली, खिडकीतून तिची पर्स आणि पाण्याची बाटली दिली आणि तोंड फुगवून परत गेला. अहमदपूर मागं पडल्यावर तिला गाणी ऐकायची लहर आली. पर्समध्ये कंगवा होता, रुमाल होता, बडीशेप होती, फोन नव्हता.

पोलिसांनी तक्रार घेतली. तिने नवा फोन घेतला, जुन्याच नंबरचं सिम घेतलं, आणि इथवर सगळं सुरळीत चाललं. मग रविवारी संध्याकाळी तिने आपला ईमेल उघडायला घेतला. पासवर्ड पाठ होता. पण पासवर्डावर भागेना. हे खातं तिने नर्सिंगच्या हॉस्टेलात असताना उघडलेलं. त्यावर नोंदवलेला नंबर तेव्हाचा, कधीच बंद पडलेला. तिथं कोड पाठवून उपयोग नव्हता. मग पडद्यावर एकच वाट उरली: ‘तुमच्या फोनवर विचारणा पाठवली आहे. तिथं होय दाबा.’

आता फोनच नाही तर दाबणार कोण? ती पडदा बंद करणार तेवढ्यात ओळ बदलली. ‘तुमच्या फोनवरून नकार देण्यात आला आहे.’

लुंबिनी कॉटवर बसूनच राहिली. कुठंतरी, कुणाच्यातरी हातात तिचा फोन चालू होता. आणि तो माणूस तिच्याबद्दलच सांगत होता की ही ती नव्हे.

२

आता हा ईमेल इतका महत्त्वाचा का, ते सांगायला हवं. जर्मनीतल्या एका इस्पितळात लुंबिनीची निवड झाली होती. जर्मन भाषेच्या परीक्षेसाठी रात्रपाळ्या करून तिने दोन वर्षं घासली होती. शेवटचं पत्र आलं होतं आणि ‘मी येते’ एवढं उत्तर शुक्रवारी संध्याकाळच्या आत त्याच पत्त्यावरून जायला हवं होतं. नाही गेलं तर जागा पुढच्या उमेदवाराला. पुण्यातल्या एजन्सीला तिने फोन करून सगळं रडगाणं सांगितलं. तिकडची बाई गोड बोलली, पण हटली नाही. मागं कुणीतरी दुसऱ्याच्या नावाने पत्रं पाठवून गोंधळ घातला होता म्हणे. “ताई, तुम्ही तुम्हीच आहात हे आम्हाला कसं कळणार?” असं तिने विचारलं.

सोमवारी सकाळी ड्यूटीला जायच्या आधी तिने पुन्हा प्रयत्न केला. लगेच नकार. दुपारी जेवणाच्या सुट्टीत केला, तेव्हा काहीच उत्तर आलं नाही. वाट पाहून वेळ संपली. संध्याकाळी केला, पुन्हा नकार. मंगळवारी तेच. सकाळ-संध्याकाळ ‘नाही’, दुपारी शुकशुकाट. ज्याच्या हातात फोन होता त्याने खात्यात काही उलटापालट केली नव्हती, पासवर्ड बदलला नव्हता, कुणाला तिच्या नावाने पत्र धाडलं नव्हतं. तो फक्त नाही म्हणत होता. असला चोर तिने आयुष्यात ऐकला नव्हता. पासवर्ड टाकताना तिला हल्ली स्वतःच्याच नावाचा भरवसा वाटेनासा झाला होता.

डोकं भणभणलं की माणूस जवळच्यावर घसरतं. लुंबिनी जवळच्यावरच घसरली. तिच्या खोलीत आरती नावाची दुसरी नर्स राहायची, शिरूर अनंतपाळच्या शेतकरी घरातली. तिने हीच परीक्षा दिलेली आणि निवडीत तिचं नाव लुंबिनीच्या खालोखाल. लुंबिनीची जागा गेली तर ती आरतीला मिळणार, हे उघड होतं. शिवाय शनिवारी आरती गावाकडे जाते म्हणून बाहेर गेली होती, लुंबिनीचा फोन कसा उघडतो ते तिला ठाऊक होतं, आणि गेले काही दिवस लुंबिनी खोलीत आली की ती आपला फोन पालथा घालायची.

मंगळवारी संध्याकाळी आरती पालथा फोन उशीखाली सरकवताना सापडली, आणि लुंबिनीच्या तोंडून नको ते गेलं. आरती एकदम पांढरीफटक पडली. मग तिने उशी उचलली, फोन काढला आणि लुंबिनीसमोर धरला. पडद्यावर एका मुलाचा फोटो होता.

“मृत्युंजय नाव आहे,” ती म्हणाली. “उदगीरचा. पुढच्या आठवड्यात बघायला यायलेत. मी कुठं जात नाही जर्मनीला, त्या एजन्सीला मागच्याच महिन्यात कळवलंय. तुला सांगणार होते. आता नाही सांगत.”

एवढं बोलून तिने पांघरूण तोंडावर ओढलं. लुंबिनी माफी मागायला तोंड उघडणार, तोच दाराशी कुणीतरी खाकरलं.

३

दारात घरमालकीण उमादेवी उभी होती. आख्खी गल्ली तिला अव्वा म्हणायची. माहेर निलंग्याच्या पलीकडचं, त्यामुळं रागावली की अर्धं कानडीत बोलायची. उभी नोकरी एसटी स्टँडावर चौकशीच्या खिडकीत गेलेली. गाडी कधी लागते, कुठं लागते, का लागली नाही, हे लोकांनी तिला एवढं विचारलं होतं की निवृत्त झाल्यापासून ती त्याचा वचपा काढत असावी. आता समोर दिसेल त्याला तीच प्रश्न विचारायची. भाडेकरू पोरींचं भांडण भिंतीपलीकडून ऐकून गप्प बसणं तिच्याच्याने होणार नव्हतं.

तिने लुंबिनीला खाली स्वयंपाकघरात नेलं, पुढ्यात चहा ठेवला आणि सगळं पहिल्यापासून वदवून घेतलं. मध्येच थांबवून विचारायची: नकार किती लवकर येतो? दुपारी एकदाही नाही? फोन उघडायला काय लागतं? लुंबिनी उत्तरं देत गेली आणि जरा सावरली. आपल्या गोंधळाला कुणीतरी शिस्तीत बसवतंय, हेच तिला पुष्कळ वाटलं.

“आरतीचा काही संबंध नाही,” अव्वा शेवटी म्हणाली. “तिला जागा हवी असती तर एजन्सीला नाही कशाला कळवलं असतं? मला सांग, तू जाऊ नको असं म्हणणारं घरात कोण हाय?”

लुंबिनी घुटमळली. “दादा,” ती म्हणाली.

धम्मानंद नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून होता. वडील गेल्यापासून घरातला बाप्या तोच. आई चांगुणा इस्लापूरला एकटी राहायची, शेतात मजुरीला जायची, आणि दोघांनी कितीही सांगितलं तरी गाव सोडायला तयार नव्हती. तू सातासमुद्रापार गेलीस तर आईचं काय, यावरून शुक्रवारी रात्री भावाबहिणीचं जोरात वाजलं होतं. शनिवारी स्टँडवर बॅग आणि पर्स त्यानेच हाताळली होती.

“आणि आई काय म्हणती?”

“आई काही म्हणत नाही. तुला पटंल ते कर म्हणते. तिला फोनमधलं काही कळतही नाही, अव्वा. मीच शिकवलं तेवढं येतं. सकाळी कामावर जायच्या आधी आणि सांजच्याला आल्यावर बुद्धवंदना लावते, ती झाली की नेट बंद करते.”

अव्वाने मान हलवली आणि भावावर बोट ठेवलं. बॅग त्याने चढवली, वाद त्याने घातला, आणि कारकून माणूस, कचेरीत असताना दुपारी फोनला हात लावत नसणार. सगळं नीट बसत होतं. लुंबिनीला ते बसायला नको होतं.

वर आल्यावर तिने आईला फोन लावला. दादाबद्दल काही कानावर येतं का, ते बघायचं होतं. पण चांगुणाबाई आपल्याच नादात होती. कापसाची वेचणी चालू आहे, गुडघा बरा आहे, उद्या विहारात जायचं आहे, हल्ली चोरांचा सुळसुळाट झाला आहे पण मीही आता हुशार झाले आहे, कुणाला दाद देत नाही. रविवारच्या फोनमध्येही तिने असलंच काहीतरी सुरू केलं होतं. लुंबिनी तेव्हाही म्हणाली होती आणि आताही म्हणाली, “आई, नंतर बोलते.”

बुधवारी तिची सुट्टी होती. दुपारी, उत्तर येणार नाही हे माहीत असूनही, सवयीने तिने पासवर्ड टाकला. पडद्याकडे न बघता ती केस विंचरत होती. मग बघितलं.

दुपारी कधीच न बोलणारा चोर त्या दिवशी दुपारी बोलला होता. ‘नकार देण्यात आला आहे.’

४

बुधवारी कचेऱ्या चालूच होत्या. मग कारकून दुपारी फोनवर कसा? अव्वा म्हणाली, रजा टाकली असेल, विचार. लुंबिनीने संध्याकाळी भावाला फोन लावला आणि आज दुपारी तू कुठं होतास असं विचारलं. तो म्हणाला, अर्धी रजा टाकून बाहेर गेलो होतो. कुठं, तर ते सांगेना. तिने सरळ विचारलं, “दादा, माझा फोन तुझ्याकडं आहे का?”



“तू जाऊ नको हे मी तुझ्या तोंडावर म्हणलो,” धम्मानंद म्हणाला. “चोरून कशाला म्हणू?” आणि त्याने फोन ठेवला.

ती रडली. पाच वर्षांची असताना हाच भाऊ तिला खांद्यावर बसवून सहस्रकुंडचा धबधबा दाखवायला घेऊन गेला होता, आणि आज तिने त्याला चोर ठरवलं होतं. आरती खोलीतच होती. तिने पाण्याचा तांब्या लुंबिनीच्या बाजूला सरकवला, पण बोलली नाही.

गुरुवारी सकाळी तिने पुन्हा पासवर्ड टाकला. नकार तर आलाच, वर खाली एक नवी ओळ आली: ‘बरेच नकार आल्यामुळे आज पुढे प्रयत्न करता येणार नाही. उद्या एकदा प्रयत्न करता येईल. पुन्हा नकार आल्यास खातं बंद ठेवलं जाईल.’ म्हणजे शुक्रवारी एकच संधी. आणि त्या संधीच्या वाटेत तो नाही म्हणणारा बसलेलाच होता.

ती कशीबशी ड्यूटी करून दुपारी उशिरा परत आली, तर खाली अव्वाच्या स्वयंपाकघरात धम्मानंद बसला होता. नांदेडहून सरळ आला होता, दाढी वाढलेली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. खिशातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं आणि ओट्यावर ठेवलं. रुमालाला तांदळाचे दाणे चिकटले होते.

आत लुंबिनीचा फोन होता. कव्हर तिचं, कोपऱ्यावरचा टवका तिचा.

धम्मानंद तुटक बोलत होता. रविवारपासून रोज कचेरी सुटली की तो स्टँडवर जाऊन एकेकाला विचारत होता. बुधवारी अर्धी रजाही त्यासाठीच टाकली होती. बहिणीशी भांडलो आणि तिचं नुकसान झालं, याचं त्याला वाईट वाटत होतं. पण हे सांगितलं असतं तर मनातून जाऊ द्यायला तयार झालो असं दिसलं असतं, म्हणून तो बोलला नव्हता. आज सकाळी धोंडप्पा चहावाल्याने स्वतः होऊन हाक मारली. बॅग चढवताना धम्मानंदच्या हातातल्या पर्समधला फोन खाली पडला, तो थेट चहावाल्याच्या भांडी धुवायच्या पाण्यात. त्याने तो शनिवारीच बाहेर काढून तांदळाच्या डब्यात खुपसला होता आणि मग डब्यासकट विसरून गेला होता.

“मोबाइलच्या दुकानात दाखवला,” धम्मानंद म्हणाला. “आतलं सगळं जळालंय म्हणतो. शनिवारपासून हा फोन मेलेला हाय, लुंबे. एकदाबी चालू झाला न्हाई.”

लुंबिनीने मेलेल्या फोनकडे बघितलं आणि मग हातातल्या नव्या फोनकडे.

“मग आज सकाळी नाही कोण म्हणालं?”

५

धम्मानंदला वाटलं ईमेलवाल्यांचंच काहीतरी बिघडलंय. लुंबिनीला तर डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत होतं. चोर सापडला नव्हताच, उलट चोरीही खोटी ठरली, आणि नकार तेवढा शिल्लक राहिला.

अव्वाने गॅस बंद केला आणि पाटावर बसली.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली. तिच्या तोंडून हे फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. “हरवलेला फोन आणि बोलणारा फोन एकच, असं आपण धरून चाललो. परभणीची गाडी इचारणाऱ्याला मी बीडची सांगायले इतके दिवस. ते दोन निराळे हायत.”

मग ती आपल्या जुन्या खिडकीत बसल्यागत एकेक विचारत गेली. हा चोर काय नेतो? काहीच नाही. काय करतो? कुणाला आत येऊ देत नाही. हे चोराचं काम की राखणदाराचं? बरं, हा राखणदार सकाळी असतो, संध्याकाळी असतो, दुपारी नसतो. म्हणजे दिवसा कामावर जाणारं माणूस.

“पण काल दुपारी होता,” लुंबिनी म्हणाली.

“होता. काल काय होतं?”

“बुधवार.”

“बुधवार दर आठवड्याला येतो, पोरी. काल पौर्णिमा होती. तुझ्या ओळखीत पौर्णिमेला कामावर न जाणारं कोण हाय?”

आता धम्मानंदने मान वर केली. भावाबहिणीने एकमेकांकडे बघितलं, शनिवारनंतर पहिल्यांदाच. इस्लापूरच्या घरी पौर्णिमेला चुलत्यांनी कितीही बोलावलं तरी आई वेचणीला जात नसे. पांढरं लुगडं नेसून सकाळी विहारात जायची, शील घ्यायची आणि दिवसभर घरी बसून प्रवचन ऐकायची. हल्ली प्रवचन फोनवर ऐकायची. पौर्णिमेपुरतं नेट दिवसभर चालू.

“हा जो पाण्यात पडला, त्याच्या आधीचा तुझा फोन कुठाय?” अव्वाने विचारलं.

“आईला दिला,” लुंबिनी म्हणाली. “मागच्या वर्षी. तिचं सिम घातलं, वंदना लावून दिली, आणि तशीच निघाले. माझं खातं त्याच्यातून काढायचं राहिलं.”

आपल्याकडे लेकराचा जुना फोन आईकडे जातो. त्यात आपण आपलं काय काय ठेवून आलो, हे बघायला कुणाला सवड असते? लुंबिनीचं खातं वर्षभर इस्लापूरच्या देवळीत, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी बसलेलं होतं. विचारणा जात होती ती तिथं.

तिने तिथल्या तिथं आईला फोन लावला. चांगुणाबाई नुकतीच शेतातून आली होती. लेकीने विचारल्यावर ती जरासुद्धा गडबडली नाही.

“हाव, मीच दाबते. त्याच्यावर येतंय, ‘हे तुम्हीच करत आहात का?’ असं. मी तर चुलीम्होरं बसलेली असते. मी काही करून राहिले नसते. मग मी न्हाई म्हणते.”

“रोज?”

“रोज येतो मेला. इचारायचा त्याला कटाळा न्हाई, मग मला कशाला यावा? तूच म्हणली व्हतीस, फोनवर कुणीबी काई इचारलं तर न्हाई म्हणायचं. मी इतवारीच सांगून राहिले व्हते तुला. तू म्हणलीस, नंतर बोलते.”

लुंबिनीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग मोठी लाज वाटली. तिने परक्या मैत्रिणीला विचारलं, सख्ख्या भावाला विचारलं. आई सांगत असताना तेवढं ऐकलं नाही. तिने भावाचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही.

“आता झालंच की,” धम्मानंद म्हणाला. “उद्या आईला ‘होय’ दाबायला सांगू.”

पण लुंबिनीचा चेहरा पुन्हा उतरला. लुंबिनीच्या लहानपणी एसटीत कंडक्टरने विचारलं नसताना हिला पाचवं पूर्ण झालंय असं स्वतः होऊन सांगणारी बाई तिची आई. कारखान्याच्या साहेबापुढं, सरपंचापुढं, वकिलापुढं, कुठंही तिने कधी खोटं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. खोटं बोलणार नाही हे शील तिने जन्मभर तोंडाने म्हटलं होतं आणि तसंच ती वागली होती.

“दादा,” लुंबिनी म्हणाली, “ती ‘होय, मीच’ असं दाबेल?”

६

शुक्रवारी उजाडताच सगळे अव्वाच्या स्वयंपाकघरात जमले. आरतीही आली. अजून फुगलेलीच होती, कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी राहिली, पण आली. इस्लापूर गाठायला गाड्या बदलत दिवस गेला असता, तेवढा वेळ नव्हता. नेट मध्येच गेलं किंवा बोट चुकीच्या जागी पडलं तर शुक्रवार हातचा जाणार होता. चांगुणाबाई शेजारणीचा फोन कानाला लावून बसली होती आणि तिचा स्वतःचा फोन मांडीवर होता. लुंबिनीने पासवर्ड टाकला.

“आलं,” आई म्हणाली. प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरं ती एकेक करून लावत होती. “‘साइन इन करण्याचा प्रयत्न तुम्हीच करत आहात का?’ खाली दोन हायत. ‘होय, मीच आहे.’ ‘नाही, मी नाही.’”

“आई, वरचं दाब. होय.”

“पर मी न्हाई ना ती. तू हायस.”

“माझंच खातं आहे, आई. माझ्यासाठी दाबायचंय.”

“ते कळलं मला. पर लिवलंय ‘मीच आहे’ म्हणून. माझ्या बोटानं मी कसं म्हणू? परवाच शील घेतलंय, लुंबे.”

धम्मानंद पुढं सरसावला. तो तिला पटवून देणार होता, हे काही खोटं नव्हे, नुसतं यंत्र आहे, यंत्रापुढं कसलं शील. अव्वाने त्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं. पडद्यावरचा वेळ चालला होता. वेळ संपला तर तोही नकारच धरला जाणार की काय, कुणाला माहीत नव्हतं.

लुंबिनीच्या मनात आलं, आईला फसवावं. त्या बटणाचा अर्थ निराळा आहे असं सांगावं. तिला ते जमलं असतं, पण तिच्याच्याने झालं नाही.

“आई, ते खोटंच आहे,” ती म्हणाली. “तू म्हणतीस ते बरोबर आहे.”

पलीकडे कोंबडी ओरडल्याचा आवाज आला. मग चांगुणाबाईने विचारलं, “हे दाबलं म्हंजे तू तिकडं जाशील?”

आठवडाभर सगळ्यांनी जर्मनीबद्दल तोंड चालवलं होतं. आईने हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला. वर्षातून एकदा येईन, रोज फोन करीन, तुला तिकडे नेईन, हे सगळं तिच्या ओठांवर होतं. त्यातलं किती खरं होईल हे तिलाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती त्यातलं काहीच बोलली नाही.

“हाव, आई,” ती म्हणाली. “जाईन.”

लुंबिनीने डोळे मिटून घेतले. आईने नाही दाबलं तर आपण तिच्यावर रागावणार नाही, असं तिने मनाशी ठरवलं, आणि आपण नक्की रागावणार हेही तिला त्याच वेळी कळलं.

आरतीने तिच्या खांद्याला हात लावला. पडदा बदलला होता. गेल्या आठवड्याची सगळी पत्रं रांगेने उघडी पडली होती, आणि सर्वांत वर जर्मनीचं पत्र होतं.

“आई?” लुंबिनी म्हणाली. “आई, उघडलं.”

“हाव,” चांगुणाबाई म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. “खोटं बोलले मी. सांजच्याला विहारात जाते आन्‌ पुन्हा शील घेते. तू तुझं पत्र लिही.”

आणि फोन शेजारणीचा आहे, तिला कामावर जायचंय, म्हणून तिने ठेवून दिला.